वाचनालयाच्या पावत्या, लॅम्डा आणि गिटहब ॲक्शन्स: दोन महिन्यांच्या नोंदी

मिरजेतल्या एका सार्वजनिक वाचनालयाचं वर्गणीचं संगणकाचं काम मी हौसेने सांभाळते. खजिनदार काका दर आठवड्याला वर्गणीची यादी सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) करून चढवतात. ती ॲमेझॉनच्या क्लाउडवर (एडब्ल्यूएस) एस३ बकेटमध्ये, म्हणजे फाइलींच्या कप्प्यात, पडते, लॅम्डा फंक्शन (हाक आली की चालणारा छोटा प्रोग्राम) ती वाचतं, प्रत्येक सभासदाची मराठीत पावती बनवतं आणि एसईएस या एडब्ल्यूएसच्या मेल-सेवेतून मेल करतं. दुसरं एक छोटं फंक्शन वर्गणी थकलेल्यांना रोज सकाळी आठवण पाठवतं. सगळं मुंबई रीजनमध्ये, पायथन ३.१२ वर. कोड आजवर मी लॅपटॉपवर झिप करून एडब्ल्यूएसच्या कन्सोलमधून (वेबपानावरून) हाताने चढवत होते. नवं वर्गणी-वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, त्याच्या आत हे सगळं पाइपलाइनवर, म्हणजे कोड आपोआप तपासून चढवणाऱ्या साखळीवर, न्यायचं आहे. चुकले तिथे चुकले असंच लिहिलंय.

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

सुरुवात का केली ते आधी. माझ्या डाउनलोड्समध्ये ‘पावती-फायनल’, ‘पावती-फायनल-२’ आणि ‘पावती-फायनल-खरंच’ अशा तीन झिप होत्या. जानेवारीत घाईत मधली चढवली. नऊ दिवस सगळ्या पावत्यांवर गेल्या वर्षीचा दर छापला जात होता. ते काकांनी पकडलं, मी नाही.

ठरलं ते असं: कोड गिटहब या संकेतस्थळावर खासगी रिपोमध्ये (कोडच्या कपाटात), त्याच्या मुख्य ‘मेन’ शाखेवर बदल पुश झाला (चढवला) की गिटहबच्या ॲक्शन्स या सोयीने आपोआप चाचण्या चालवायच्या, मग सॅम या एडब्ल्यूएसच्या साधनाने आधी चाचणीच्या स्टॅकवर (फंक्शन, बकेट वगैरेंच्या संचावर) आणि नंतर खऱ्या स्टॅकवर डिप्लॉय करायचं, म्हणजे बसवायचं. माझं गिटहब प्रो आधीपासून आहे, महिन्याला ४ डॉलर, त्यात ॲक्शन्सची ३,००० मिनिटं मिळतात. नवा खर्च नाही.

वेळ: २ तास, त्यातला एक तास जुना कोड कुठल्या झिपमधला खरा ते शोधण्यात.

२ फेब्रुवारी, रविवार

टेम्प्लेट (स्टॅकमध्ये काय काय हवं ते सांगणारी फाइल) लिहिलं, पहिलं डिप्लॉय लगेच आपटलं. टेम्प्लेटमध्ये मी जुन्याच बकेटचं नाव दिलं होतं. ती बकेट हाताने बनवलेली, आधीच अस्तित्वात. क्लाउडफॉर्मेशन (टेम्प्लेट वाचून स्टॅक उभा करणारी एडब्ल्यूएसची सेवा) ती नव्याने बनवायला गेलं आणि अडलं. स्टॅक ‘रोलबॅक कम्प्लीट’ अवस्थेत जाऊन बसला. पहिल्याच निर्मितीत या अवस्थेत गेलेला स्टॅक दुरुस्त होत नाही, पुसूनच टाकावा लागतो. मी मात्र अर्धा तास त्याच्यावरच पुन्हा पुन्हा डिप्लॉय मारत होते.

जुनी बकेट टेम्प्लेटमध्ये नुसती नावाने सांगून तिचा ट्रिगर (फाइल आली की फंक्शनला हाक) जोडता येईल असं वाटलं होतं. सॅममध्ये तसं चालत नाही, एस३चा ट्रिगर लावायचा तर बकेट त्याच टेम्प्लेटमध्ये बनलेली लागते. म्हणून नवी बकेट. काकांच्या अपलोड पानावर एक ओळ बदलावी लागली.

शेवटी डिप्लॉय झालं. लगेच दुसऱ्यांदा काही न बदलता चालवलं तर ‘बदल काहीच नाही’ म्हणून लाल फुली. ती नको म्हणून सॅमला ‘नो-फेल-ऑन-एम्प्टी-चेंजसेट’ हा फ्लॅग (बदल नसला तरी अपयश मानू नको, अशी सूचना) दिला. फुली गेली, मी खूश. या फ्लॅगची पुढे आठवण होईल.

वेळ: ४ तास.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज परवानग्या. आठवडाभर गिटहबच्या सीक्रेट्समध्ये एडब्ल्यूएसची कायमची ॲक्सेस की (किल्ली) ठेवली होती, आणि तीही ॲडमिनची. झोप लागेना म्हणून ओआयडीसी या पद्धतीवर गेले. गिटहब प्रत्येक रनला एक टोकन देतं, ते दाखवून एडब्ल्यूएसकडून थोड्या वेळापुरता रोल (परवानग्यांचा संच) मिळतो, आणि की कुठेच साठवावी लागत नाही.

पहिली अडचण: वर्कफ्लोमध्ये (ॲक्शन्सच्या पायऱ्यांच्या फाइलमध्ये) परवानग्यांचा भाग लिहून ‘आयडी-टोकन: राइट’ दिलं, तर पुढच्याच पायरीला कोड चेकआउट होईना. रिपोच सापडत नाही म्हणे. एकदा तो भाग लिहिला की त्यात न लिहिलेल्या सगळ्या परवानग्या बंद होतात. ‘कंटेंट्स: रीड’ पण लिहावं लागलं.

दुसऱ्या अडचणीने संध्याकाळ खाल्ली. चाचणीच्या स्टॅकवर सुरळीत, खऱ्या स्टॅकला मात्र रोल घेण्याची परवानगी नाही. रोलच्या ट्रस्ट पॉलिसीत (रोल कोणाला द्यायचा त्या नियमात) मी लिहिलं होतं की टोकनचा ‘सब’ (मागणारा कोण ते सांगणारा भाग) अमुक रिपोची मेन शाखा असाच हवा. मेनवरूनच तर चालवत होते! चार वेळा स्पेलिंग तपासलं. मग क्लाउडट्रेल या एडब्ल्यूएसच्या नोंदवहीत नाकारलेल्या मागणीची नोंद उघडली तेव्हा कळलं की टोकनमध्ये शाखेचं नावच नव्हतं. खऱ्या डिप्लॉयच्या जॉबला मी ‘प्रॉडक्शन’ नावाचं एन्व्हायर्न्मेंट (डिप्लॉय कुठे होतंय त्याचं लेबल) लावलं होतं, आणि ते लावलं की ‘सब’मध्ये शाखेच्या जागी एन्व्हायर्न्मेंटचं नाव येतं. ट्रस्ट पॉलिसीत एक शब्द बदलला, झालं. चिडून तिथे नुसती चांदणी (*, म्हणजे काहीही चालेल) टाकायचा मोह झाला होता. टाकली असती तर त्या रिपोच्या कुठल्याही शाखेतून खऱ्या पावत्यांवर हात फिरवता आला असता.

जुनी की काढून टाकली. नुसती निष्क्रिय करून ठेवली नाही, डिलीट केली.

वेळ: ५ तास.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज मी कंजूषपणा केला. आर्म६४ या प्रकारच्या प्रोसेसरवर लॅम्डा सुमारे २० टक्के स्वस्त पडतं असं वाचलं होतं, म्हणून टेम्प्लेटमध्ये आर्किटेक्चर बदललं. बिल्ड हिरवा, डिप्लॉय हिरवा, फंक्शन पहिल्या ओळीलाच मेलं: पिलो या चित्रं बनवणाऱ्या पायथन लायब्ररीचा ‘इमेजिंग’ भाग आयात होत नाही. साहजिक आहे. रनर (ॲक्शन्स जिथे चालतं ते मशीन) एक्स८६ या दुसऱ्या प्रकारचा, पिपने (पायथनच्या लायब्ररी आणणाऱ्या साधनाने) त्याच्यासाठी बांधलेली पिलो आणली, आणि मी ती आर्मवर नेऊन टाकली.

क्यूईएमयू (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारं साधन) लावून आर्मचा बिल्ड केला. चाललं, पण दीड मिनिटाचा बिल्ड अकरा मिनिटांवर गेला. मग जे आधी करायला हवं होतं ते केलं: हिशोब. लॅम्डाच्या दरमहा १० लाख विनंत्या आणि ४ लाख जीबी-सेकंद (मेमरी गुणिले वेळ) फुकट आहेत. आमच्या वाचनालयाचा वापर महिन्याला काही हजार विनंत्या. म्हणजे मी शून्याचे २० टक्के वाचवत होते. परत एक्स८६.

वेळ: ३ तास, सगळे वाया.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. आठवणीचे मेल सकाळी ९ ऐवजी दुपारी अडीचला जात होते. क्रॉनची (ठरलेल्या वेळी काम चालवण्याच्या नियमाची) वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, मोजली जाते, आपण साडेपाच तास पुढे. ३:३० लिहून भागलं असतं, पण पुढच्या माणसाला ते कोडं पडेल. म्हणून एडब्ल्यूएसचा इव्हेंटब्रिज शेड्युलर घेतला, त्यात टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ असा सरळ सांगता येतो. अर्धा तास.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

रात्री साडेआठला काकांचा फोन. चाचणीच्या स्टॅकवरून त्यांना नमुना पावती पाठवली होती.

“अगं, हे मरिज म्हणजे कुठलं गाव?”

पावती उघडली. वर ठळक अक्षरांत वाचनालयाचं नाव आणि खाली ‘मरिज’. ‘वर्गणी’मधला रफार ग वर चढलाच नव्हता, र पाय मोडून मध्येच उभा. सभासदाचं नाव दिगंबर, ते झालं होतं ‘दगिंबर’. वेलांटी आपल्या अक्षराच्या आधी यायची ती नंतर येऊन शेजारच्याच्या डोक्यावर बसली होती. नेमक्या मराठी भाषा गौरव दिनी.

माझ्या लॅपटॉपवर नीट. गिटहबवर सगळ्या चाचण्या हिरव्या. लॅम्डावर मरिज.

“काका, उद्यापर्यंत बघते.”

“बघ, पण घाई नको. मरिजकरांना कळव तेवढं.”

१ मार्च, शनिवार

आधी फॉन्टवर संशय घेतला. मुक्ता काढून नोटो सान्स देवनागरी लावला. मरिज तसंच, फक्त वेगळ्या वळणात. दोन तास गेले.

देवनागरीत अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवून भागत नाही. वेलांटी मागे न्यावी लागते, रफार वर चढवावा लागतो, जोडाक्षरं घडवावी लागतात. पिलो हे काम रॅक्म नावाच्या लायब्ररीकडून करून घेतं. पिपने मिळणाऱ्या पिलोमध्ये रॅक्म असतं, पण त्याला लागणारं फ्रिबिडी (आणखी एक लायब्ररी) नसतं. ते मशीनवर असेल तर चालू होताना उचललं जातं. नसेल तर पिलो निमूटपणे साध्या मांडणीवर उतरतं. एरर येत नाही, लॉगमध्ये ओळसुद्धा येत नाही.

मग गिटहबवर चाललं कसं? वर्कफ्लोच्या सुरुवातीला एक ओळ होती, जुन्या कुठल्यातरी प्रकल्पातून मीच उचललेली: ॲप्टने (उबुंटू लिनक्सच्या इन्स्टॉलरने) रॅक्म बसवा. त्याच्यासोबत फ्रिबिडी येतं. म्हणजे चाचण्या एका मशीनवर चालत होत्या आणि कोड दुसऱ्याच मशीनवर राहायला जात होता. शिवाय माझी चाचणी काय होती? पावतीची फाइल बनली का आणि तिचा आकार शून्याहून मोठा आहे का. ‘मरिज’चा आकारही शून्याहून मोठाच असतो.

पिलोच्या ‘फीचर्स.चेक’ने रॅक्म आहे का ते विचारता येतं. लॅपटॉपवर हो, लॅम्डावर नाही. खात्री झाली.

फ्रिबिडीची फाइल लेयरमध्ये (फंक्शनला जोडायच्या पुरवणीत) टाकूनही जमलं असतं. पण उबुंटूवरची फाइल उचलून लॅम्डाच्या ॲमेझॉन लिनक्सवर चालवायची म्हणजे आत्ताच भरलेला खड्डा पुन्हा खणायचा. कंटेनर इमेजवर (कोड आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या गाठोड्यावर) जायचं ठरवलं.

वेळ: ४ तास.

२ मार्च, रविवार

डॉकरफाइल (इमेज कशी बांधायची ती कृती) सात ओळींची. लॅम्डाची पायथन ३.१२ची अधिकृत बेस इमेज, त्यात डीएनएफने (ॲमेझॉन लिनक्सच्या इन्स्टॉलरने) फ्रिबिडी, मग पिप, मग कोड आणि फॉन्ट. चाचण्या आता याच इमेजच्या आत चालतात, रनरवर नाही. ॲप्टची ती ओळ काढून टाकली. फंक्शन सुरू होतानाच रॅक्म नसेल तर सरळ मरतं, अशी दोन ओळींची तपासणी घातली. चुकीची पावती जाण्यापेक्षा पावती न गेलेली बरी.

डिप्लॉयला तीनदा अडले.

एक, इमेज ईसीआरमध्ये (एडब्ल्यूएसच्या इमेजच्या गोदामात) गेली पण लॅम्डाने नाकारली, म्हणे मॅनिफेस्टचा (इमेजमध्ये काय आहे त्या यादीचा) प्रकार चालत नाही. इमेज बांधणारं बिल्डएक्स तिच्यासोबत आपणहून एक प्रोव्हेनन्सची (इमेज कशी बनली त्याची) नोंद जोडतं आणि लॅम्डाला ते चालत नाही. ‘प्रोव्हेनन्स=फॉल्स’ दिलं की प्रश्न मिटतो. या एका शब्दासाठी सव्वा तास.

दोन, झिपचं फंक्शन इमेजचं होत नाही, त्याच्या जागी नवं बनवावं लागतं. मी फंक्शनला ठरावीक नाव दिलेलं असल्यामुळे क्लाउडफॉर्मेशन म्हणालं की नाव दिलेली वस्तू मी बदलून देणार नाही. नावाची ओळच काढून टाकली, आता स्टॅक स्वतः नाव ठेवतो. ते नाव दिसायला भिकार आहे, पण कोणाला पाहायचंय?

तीन, डिप्लॉयच्या रोलला ईसीआरमध्ये लिहायची परवानगीच नव्हती. हे दहा मिनिटांत सुटलं.

रात्री पावणेअकराला चाचणीची पावती आली. मिरज. दिगंबर. वर्गणीचा रफार जागेवर. काकांना पाठवली, त्यांचा फक्त अंगठा आला.

वेळ: ६ तास.

८ मार्च, शनिवार

काकांची मागणी: रक्कम अक्षरीही हवी, ‘रुपये पाचशे फक्त’ अशी. वीस मिनिटांचं काम. बदल केला, पुश केलं, चाचण्या हिरव्या, डिप्लॉय हिरवं. पावतीवर अक्षरी रक्कम नाही.

पुन्हा पुश, पुन्हा हिरवं, पुन्हा नाही. ब्राउझरचा कॅश पुसला. पावती मेलने येते हे माहीत असताना ब्राउझरचा कॅश पुसला.

इमेजला मी ‘लेटेस्ट’ असा टॅग देत होते. ईसीआरमध्ये नवी इमेज खरोखरच जात होती. पण टेम्प्लेटमध्ये इमेजचा पत्ता आधी जो होता तोच, शेवटी ‘लेटेस्ट’. क्लाउडफॉर्मेशनच्या दृष्टीने काहीच बदललं नव्हतं, म्हणून त्याने काहीच केलं नाही. आणि लॅम्डाही टॅगवर नजर ठेवत नाही. डिप्लॉयच्या क्षणी त्या टॅगमागे जी इमेज असते ती धरून बसतं. ‘बदल काहीच नाही’ ही फुली दिसली असती तर पहिल्या मिनिटाला कळलं असतं. पण ती फुली मी २ फेब्रुवारीला फ्लॅग देऊन स्वतःच गप्प केली होती.

आता टॅग म्हणजे कमिटचा (कोडमधल्या त्या बदलाचा) क्रमांक, ‘लेटेस्ट’ हा शब्द रिपोतून हद्दपार. तो फ्लॅगही काढला. डिप्लॉयनंतर एक पायरी वाढवली: पाइपलाइन फंक्शनला एक खोटी हाक मारते, फंक्शन उत्तरात आपल्या इमेजमध्ये कोरलेला कमिट क्रमांक सांगतं, तो जुळला तरच हिरवं. याचा लगेच फायदा झाला, कारण पहिल्याच वेळी तो जुळला नाही. डॉकरफाइलमध्ये क्रमांक घ्यायला विसरले होते.

वेळ: ३ तास.

२२ मार्च, शनिवार

खऱ्या स्टॅकवर पहिली खरी फाइल. काकांनी दुपारी ४० जणांची यादी चढवली. साडेचारला फोन.

“अगं, एकाच वर्गणीच्या तीन-तीन पावत्या आल्या म्हणतायत लोक. आणि तिन्हींवर क्रमांक वेगळे. ऑडिटला मी काय सांगू?”

लॉग उघडले. यादीतल्या पहिल्या १८ जणांना प्रत्येकी तीन पावत्या, उरलेल्या २२ जणांना एकही नाही. ‘३० सेकंदांनंतर वेळ संपली’ असं लागोपाठ तीनदा.

जुन्या फंक्शनचा टाइमआउट १५ मिनिटं होता, लॅम्डाची कमाल मर्यादा. तो मी दोन वर्षांपूर्वी कधीतरी कन्सोलमध्ये हाताने वाढवला होता आणि विसरून गेले होते. टेम्प्लेट लिहिताना ‘पुरे की’ म्हणून ३० सेकंद टाकले. मेमरीचा आकडा लिहिलाच नव्हता, म्हणून तो मूळचा १२८ एमबी. एका पावतीला दीड सेकंदाच्या वर लागत होतं, १८व्या पावतीशी वेळ संपली. एस३कडून आलेली हाक फसली की लॅम्डा आपणहून आणखी दोनदा प्रयत्न करतं, पहिला मिनिटभराने, दुसरा त्यानंतर दोन मिनिटांनी. दोन्ही वेळा यादी पहिल्या नावापासून सुरू.

चाचणीच्या स्टॅकवर हे का दिसलं नाही? माझ्या चाचणीच्या फाइलमध्ये पाचच नावं होती.

काकांकडे जाऊन बसले. ३६ जादा पावत्यांचे क्रमांक त्यांनी वहीत लिहून काढले आणि प्रत्येकापुढे लाल शाईने ‘रद्द’ लिहून सही केली. मी शेजारी बसून क्रमांक वाचून दाखवत होते. चहा दोनदा झाला. १८ जणांना दिलगिरीचा मेल मी हाताने पाठवला.

वेळ: ५ तास, आणि काकांचे दोन वेगळे.

२३ मार्च, रविवार

नुसता टाइमआउट वाढवला असता तर ४०० नावांची यादी आली की पुन्हा हेच. म्हणून काम दोघांत वाटलं. पहिलं फंक्शन यादी वाचतं आणि एकेक नाव एसक्यूएस या एडब्ल्यूएसच्या सेवेच्या रांगेत टाकतं, बाकी काही नाही. दुसरं रांगेतलं एक नाव उचलून एक पावती करतं.

रांगेतला निरोपही क्वचित दोनदा येऊ शकतो, म्हणून दुबार पावतीचा बंदोबस्त डायनमोडीबीत (एडब्ल्यूएसच्या डेटाबेसमध्ये). पावती करण्याआधी त्या व्यवहाराची नोंद ‘आधी नसेल तरच’ या अटीवर घालायची. अट फसली तर ती पावती झालेली आहे, सोडून द्या. व्यवहाराची ओळख कशावरून? यूपीआयचा व्यवहार क्रमांक सोपा होता. रोख देणाऱ्यांचं काय? काकांनीच सोडवलं: सभासद क्रमांक, तारीख आणि रक्कम. एक माणूस एका दिवशी तीच वर्गणी दोनदा भरत नाही, आणि भरलीच तर ते काका काउंटरवरच पकडतात.

एक पेच: आधी नोंद केली आणि मेल जाता जाता फंक्शन मेलं, तर त्या माणसाला पावती कधीच जाणार नाही. म्हणून नोंदीला दोन अवस्था, ‘सुरू’ आणि ‘पाठवली’. क्रमांक ‘सुरू’ होतानाच ठरतो आणि पुन्हा प्रयत्न झाला तरी तोच राहतो. अगदी वाईट वेळ आली तर मेल दोनदा जाईल, पण पावती क्रमांक एकच. काकांना ते चालतं.

मेमरी १,०२४ एमबी केली. लॅम्डात मेमरीच्या प्रमाणात सीपीयू मिळतो, त्यामुळे दीड सेकंदाची पावती ०.३ सेकंदांवर आली. आठपट मेमरी पण वेळ पाचवा हिस्सा, म्हणजे जीबी-सेकंद सुमारे दीडपट झाले. फुकटच्या मर्यादेपासून तरी कोसभर लांब आहोत. चाचणीच्या फाइलमध्ये आता ५०० नावं आहेत, सगळी खोटी, आणि त्यातली पहिली वीस मुद्दाम दुबार.

कन्सोलमध्ये बदल करायची माझी स्वतःचीच परवानगी काढून टाकली, फक्त पाहण्याची ठेवली.

वेळ: ७ तास.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा, म्हणून आज हिशोब मिटवते. लागलेला वेळ सुमारे ४० तास. १ फेब्रुवारीला मी नवऱ्याला “दोन शनिवार” सांगितलं होतं. ॲक्शन्सची मिनिटं कुठल्याही महिन्यात हजाराच्या आत. लॅम्डा, एसक्यूएस, डायनमोडीबी: शून्य. ईसीआरमध्ये इमेज साठवण्याचे काही सेंट, तेही वाढू नयेत म्हणून शेवटच्या १० इमेजच ठेवायचा नियम लावला. लॉग मुळात कायमचे साठत राहतात, त्यांना ९० दिवसांची मुदत घातली.

मागे जाण्याची तालीमही केली. मुद्दाम चुकीचा दर टाकून डिप्लॉय केलं आणि आधीचा कमिट क्रमांक देऊन वर्कफ्लो हाताने चालवला. चार मिनिटांत जुना दर परत. जानेवारीत यालाच नऊ दिवस लागले होते.

५ एप्रिल, शनिवार

नव्या वर्षाची पहिली यादी, ११२ नावं. ८१ जणांना मेल गेले, प्रत्येकी एक. उरलेल्या ३१ जणांचा मेलच नाही. त्यांच्यासाठी काका कार्बन लावलेलं पावती पुस्तकच वापरणार आहेत आणि त्यावर मी वाद घातलेला नाही. फक्त पुस्तकातले आणि यंत्रणेतले क्रमांक एकमेकांवर चढत होते, म्हणून यंत्रणेच्या क्रमांकाआधी ‘सं’ लावायचं ठरलं. दोन ओळींचा बदल, पाइपलाइनमधून सहा मिनिटांत गेला. कमिट क्रमांक जुळला. तरी एक पावती उघडून मिरज वाचून घेतलं.